मास्तरांचं नाक

"मास्तर, बाटली बदलली की आतलं बे रमही बदलतं का हो?" मास्तरांना हे सगळ्यांसमोर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शनिवारी डॅडींच्या गच्च भरलेल्या सलूनमध्ये मी मुद्दाम मोठ्यांदा विचारलं. बे रम म्हणजे दाढीनंतर गालांना चोळायचं वासाचं पाणी.

लरॉन्ड मास्तर म्हणजे आमच्या रोझो गावचे निवृत्त हेडमास्तर. नुकतीच दाढी उरकून खुर्चीत पसरले होते. आमच्या घरात शब्द त्यांचाच चालतो. मला केमिस्ट्री झेपायची नाही, असं त्यांनीच परस्पर ठरवून टाकलं होतं आणि विषयांचा फॉर्म सोमवारी द्यायचा होता.

"बदलतं म्हणजे काय, पोरी! प्लास्टिक आणलं आणि वाट लावली त्यांनी." मास्तरांनी एका गालावर नव्या प्लास्टिकच्या बाटलीतलं चोळलं, दुसऱ्यावर जुन्या काचेच्या बाटलीतलं. "हे गटाराचं पाणी. आणि हा, हा खरा वास! चाळीस वर्षं मुरलेलं नाक आहे माझं."

सगळं सलून माना डोलवत होतं. डॅडी तर सगळ्यांत जोरात.

काचेच्या बाटलीतलं जुनं बे रम दोन महिन्यांपूर्वीच संपलंय. तेव्हापासून ती बाटली रोज सकाळी मीच प्लास्टिकच्या बाटलीतून भरते. हे मी तिथेच सांगितलं आणि कशी भरते, तेही सगळ्यांसमोर करून दाखवलं.

"तरी म्हटलं, आज सर्दी आहे मला," मास्तर म्हणाले. आणि डॅडींनी चक्क मान डोलावली!

* * *

घरी आल्या आल्या मी जाहीर केलं, "डॅडी, मम्मी, फॉर्मवर केमिस्ट्री लिहिलीय मी. खाली सही तुमची लागते, मास्तरांची नाही."