भाकरीला घरी

नवापूर स्टेशनवरच्या त्या बाकड्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे, अर्धा गुजरातेत. दानियल अलीकडे बसला होता, त्याची नर्स झालेली मुलगी प्रिस्किला पलीकडे. सुरतच्या एका दवाखान्यात तिला काम लागलं होतं, तिथंच राहायचं होतं.

गावच्या उपकेंद्रात नर्सची जागा निघाली होती. पण प्रिस्किला शिकली गुजरातेत, नोंदणीही तिकडचीच. ती महाराष्ट्रात करून मिळेपर्यंत अर्जाची मुदत संपली आणि त्या जागेवर लातूरची एक पोर आली.

"नाशिकच्या कॉलेजात भेटत होती तुला ॲडमिशन," दानियल म्हणाला.

"जाऊ दे ना, बा."

"मीच नको म्हटलं. नाशिक लांब पडतं. सोनगड कसं, हद्द ओलांडली की आलं. सकाळी जायचं, संध्याकाळी भाकरीला घरी."

गाडी आली तशी प्रिस्किलानं पिशवी उचलली.

"आईच्या पायाची जखम रोज धुवायला लागेल. त्या लातूरच्या सिस्टरना सांग."

"सांगतो."

गाडी गेल्यावरही दानियल बराच वेळ बाकड्यावर बसून राहिला. मग गावाकडं निघाला.

गावात कुठं खोली मिळेना, म्हणून लातूरच्या त्या पोरीला त्यानं प्रिस्किलाची खोली दिली होती. संध्याकाळी उपकेंद्राला कुलूप लावून ती भाकरीला घरी आली.