जानेवारीची तारीख

ड्युएन दुरुस्तीची फ्लॉपी घेऊन ऑर्विलकडे आला तेव्हा दुपार होती. नव्या, २००० सालात जुने कॉम्प्युटर १९०० साल धरून बसतील, म्हणून तो चर्चमधल्या सगळ्यांची मशीनं तपासत होता.

"बाकी काही गेलं तरी चालेल," ऑर्विल म्हणाला. "व्हर्नाचा आवाज तेवढा जाऊ देऊ नकोस."

मशीन सुरू केलं की त्यातून त्याची बायको व्हर्ना बोलायची, "ऑर्विल, निघालास? टोपी घाल." अमेरिकेतल्या डुलुथच्या बर्फाळ थंडीतही तो उघड्या डोक्याने बाहेर पडायचा, म्हणून तिने ते आपल्या आवाजात मशीनमध्ये भरून ठेवलं होतं. मार्चमध्ये ती गेली. तेव्हापासून तो रोज ते ऐकायचा आणि टोपी घालायचा. घरातसुद्धा.

"डोक्यावर अंडी उबवतोयस का रे?" ड्युएन हसला.

त्याने फ्लॉपी चढवली. मग खात्री करायला तारीख पुढे नेली, जानेवारी दोन हजारवर, आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

तारीख बरोबर आली. "पास झालं बघ तुझं म्हातारं," ड्युएन म्हणाला.

मग व्हर्ना बोलली.

"ऑर्विल, आलास? आता टोपी काढ."

"हे दुसरं कधी भरलं तिने?" ड्युएनने विचारलं.

तिने एकच वाक्य भरलं होतं. तेव्हा ऑर्विल तिच्या शेजारीच उभा होता.

ड्युएनने घाईघाईने तारीख मागे घेतली. आजची, ऑक्टोबरची. मशीन पुन्हा सुरू झालं. दोघंही पुढे झुकले.

"काढ ना," व्हर्ना म्हणाली. "दारात किती वेळ उभा राहशील?"