पावडरीचं नाव

पावडरवाल्याच्या धाकट्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षी त्याच्या पावडरीला अजून नाव नव्हतं. भांडी घासायची पावडर. स्वयंपाकघरामागच्या खोलीत पोती होती, चाळण्या होत्या, पत्र्याचे कोरे डबे छतापर्यंत रचलेले होते. नाव ठरलं की छापखान्यातून लेबलं येणार आणि डबे दुकानात जाणार. तेवढ्यावर सगळं अडलं होतं.

बायकोचा भाऊ जाहिराती लिहायचा. नाव कसं असावं, हे तो घरी येऊन चहा पिता पिता सांगून गेला होता. अर्थ नसला तरी चालेल, पण ठसका हवा. बाई दुकानात उभी आहे, काखेत मूल, हातात पिशवी, मागे माणसं खोळंबलेली. तिला ते एका दमात मागता आलं पाहिजे. आणि एकदा कानावर पडलं की डोक्यातून जाता कामा नये.

हे शेवटचं ऐकून पावडरवाल्याने आपली एक रीत काढली. सकाळी तो आईला एक नाव सांगायचा आणि संध्याकाळी विचारायचा. आईला पडल्यापासून काही आठवत नसे. जेवली की नाही तेही आठवत नसे. मुलगा तिला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू वाटायचा. ती त्याला अहो-जाहो करायची, अवघडू नका, नीट बसा म्हणायची, आणि घरी कोण कोण असतं हे रोज नव्याने विचारायची. आईच्या डोक्यात जे टिकेल ते जगाच्या डोक्यात टिकेल, असं त्याचं म्हणणं.

"पावडर विकायची आहे की आईंची परीक्षा घ्यायची आहे?" बायकोने एकदा विचारलं. तो चाळणी हलवत राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही. पावडर नुसतं निमित्त होतं, हे तिला दिसत होतं. आपण सांगितलेलं काहीतरी एक आईपाशी राहावं, एवढ्यासाठी त्याचा हा खटाटोप चालला होता.

चांगली चांगली नावं आली आणि गेली. 'लखलख' दुपारपर्यंतही टिकलं नाही. 'शुभ्रिका'चं विचारलं तर आई म्हणाली, गोड नाव आहे हो, मुलीला कितवं लागलं? शेवटी मेहुण्याने हात टेकले आणि वैतागून फोनवर 'टोबू' म्हणाला. म्हणजे काय, तर काही नाही. बायकोला ते कुत्र्याचं नाव वाटलं. हे डब्यावर घातलंत तर गिऱ्हाईक आधी शिट्टी मारेल, असं ती म्हणाली.

तरी पावडरवाल्याने सकाळी कोरा डबा आईच्या मांडीवर ठेवला आणि ते नाव सांगितलं. आईने मान डोलावली, आभार मानले आणि डबा खिडकीत ठेवून दिला.

संध्याकाळी तो आत आला तेव्हा कोपरापर्यंत पांढरा होता. बायको ओट्याशी कांदा चिरत होती. आईसमोरचं स्टूल त्याने ओढलं. विचारायला तोंड उघडणार, तोच आईने त्याच्याकडे पाहिलं.

"टोबू," ती म्हणाली.

त्याला वाटलं, ती डब्याचं सांगते आहे. त्याने खिडकीतला डबा उचलून तिच्यापुढे धरला. आईने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हाताने बाजूला सारला.

"टोबू, हात बघ कसे करून आलास. एवढा घोडा झालास, अजून सांगावं लागतं. इकडे ये."

ओट्यावरची सुरी थांबली. आईने त्याचं मनगट धरलं, मांडीवरचा रुमाल पाण्याच्या पेल्यात बुडवला आणि त्याची बोटं एकेक करून पुसायला घेतली. तोंडाने बोलणं चालूच होतं. वेळेवर जेवत नाहीस, कुणाचं ऐकत नाहीस, वाळून काडी झालास. तो घरातला सगळ्यात जाड माणूस होता. तो हो म्हणत राहिला. एक हात झाल्यावर त्याने दुसरा पुढे केला.

फोन वाजला. मेहुणा छापखान्यातून बोलत होता. कामगार घरी निघाले होते, नाव आत्ताच्या आत्ता हवं होतं. बायकोने फोन नवऱ्याच्या कानाशी धरला, कारण त्याचे दोन्ही हात आईकडे होते.

टोबूचं काय झालं, राहिलं का लक्षात, असं मेहुण्याने विचारलं. राहिलं, पावडरवाला म्हणाला. मेहुण्याला हायसं वाटलं. मग तेच लावतो यंत्रावर, तो म्हणाला.

"ते नको. दुसरं कुठलंही छाप."

मेहुणा चिडला. इतके दिवस त्याचं डोकं खाल्लं, शेवटी चिकटणारं नाव सापडलं, आणि आता ते नको? हा काय पोरखेळ आहे? नको तर का नको, तेवढं तरी सांगा.

पावडरवाल्याने आईकडे पाहिलं. ती त्याच्या अंगठ्याचं नख घासत होती.

"ते आईने मला ठेवलंय," तो म्हणाला.

बायकोने फोन आपल्या कानाला लावला, भावाला हलक्या आवाजात मनाला येईल ते छापायला सांगितलं आणि परत कांद्याकडे गेली.

पावडर बरी खपली. घरात टोबू अशी हाक आली की तो हातातलं काम टाकून ओ द्यायचा. बायकोने ते नाव कधी तोंडी घेतलं नाही. आई पुढच्या वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी वारली.