एकही जण पडला नाही

गोजरबाई बाथरूममध्ये पडल्या, तेव्हापासून वृद्धाश्रमात त्यांना दिवसभर खुर्चीला बांधून ठेवतात. "त्यांच्या जिवासाठीच करतो ना हे," आश्रम चालवणाऱ्या मॅडम सगळ्यांना सांगतात. दारातल्या फळ्यावर त्या रोज खडूनं आकडा बदलतात. आज लिहिलं होतं: बत्तीस दिवसांत एकही जण पडला नाही.

आज सकाळी रामकिसन त्याच बाथरूममध्ये घसरले. आवाज न करता भिंतीला धरून उठले. उजवं मनगट टम्म सुजलं होतं, ते त्यांनी सदऱ्याच्या लांब बाहीत लपवलं.

दुपारी मुलगा सम्यक पुंडलिकनगरहून भेटायला आला. फळा वाचून खूश झाला. "बाबा, इथं लई काळजी घेतात."

मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

"व्हय," रामकिसन म्हणाले.

जेवणाची घंटा झाली. डाव्या हातानं घास घेतला तर मॅडमना कळंल, म्हणून ते वाढलेल्या ताटापुढं नुसतेच बसून राहिले. समोरच्या रांगेतल्या तिघांनीही अजून ताटाला हात लावला नव्हता.

मॅडम सम्यकला सोडायला फाटकाकडं गेल्या.



तसे ते तिघं भराभर डाव्या हातानं जेवू लागले.