आधी माझ्यावर

"हात गार आहेत तुझे," सिस्टर म्हणाल्या. "आधी गरम कर. गार हात लावलास तर म्हातारं माणूस भांडणारच. मीसुद्धा भांडेन."

नव्या मुलीने कोमट पाण्यात हात बुडवले.

सिस्टर खाटेशेजारच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. छातीवर घड्याळ उलटं टाचलेलं, नजर मुलीच्या बोटांवर. तीस वर्षं त्यांचा एक नियम होता. नव्या मुलीने पेशंटला हात लावण्याआधी सिस्टरांना अंघोळ घालायची आणि त्यांच्याकडून पास व्हायचं. या नियमाला भल्याभल्यांनी नाकं मुरडली, पण सिस्टरांपुढे कुणाची डाळ शिजली नाही.

"एवढी घाई कसली आहे आज?"

"नऊ नंबरच्या आजी," मुलगी म्हणाली. "अंघोळीचं नाव काढलं की ओरडतात, चावतात. ओढाताणीत कातडी फाटते. आज नवी जखम दिसली तर त्यांचे हात बांधून ठेवू, असं डॉक्टर म्हणालेत. अकराला येतायत."

सिस्टर लालबुंद झाल्या. "हात बांधणार? माझ्या वॉर्डात? आजवर एकाचेही बांधू दिले नाहीत मी! अगं, आजी वाईट नसतात, घाबरलेल्या असतात. कुणी न विचारता तुझे कपडे ओढायला लागलं, तर तू काय त्याचे आभार मानशील?"

"नाही, सिस्टर."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "साडेदहा. भरपूर वेळ आहे. कर सुरू."

"आता उजवा हात धुते, सिस्टर," असं आधी सांगून मुलीने हात धुतला. जेवढं धुवायचं तेवढंच उघडं, बाकी सगळं टॉवेलखाली. हात वरून धरला नाही, खालून तळव्यावर उचलला. पुसताना घासलं नाही, टिपलं.

"या वयात कातडी म्हणजे दुधावरची साय," सिस्टर म्हणाल्या. "बोट रुतवलंस की गेली."

मानेवर पाण्याचा ओघळ आला आणि सिस्टरांची मूठ आवळली. श्वास वाढला. मुलीने लगेच दोन्ही हात मागे घेतले आणि ती थांबली. हळूहळू मूठ सुटली.

"थांबलीस ते बरं केलंस," सिस्टर म्हणाल्या. "हे पुस्तकात नसतं."

डाव्या हातावर पट्टी होती. "नऊ नंबरचा प्रसाद! परवा नखं लागली." पट्टीवर पेनाने बाण काढलेला होता. "बाणाच्या दिशेनेच सोडव. उलटी ओढलीस तर जोडलेलं पुन्हा फाटेल. बाण कुणी काढलाय कोण जाणे, पण डोकं आहे तिला."

मुलगी गालातल्या गालात हसली. तिने पट्टी भिजवली, सोडवली, मलम लावलं, नवी पट्टी बांधली आणि तिच्यावरही बाण काढला.

"केस फार लवकर पिकले गं तुझे."

"आईवर गेलेय, सिस्टर."

पाठ झाली, पाय झाले. धुतलेल्या झग्याच्या बाहीत आधी दुखरा हात गेला, मग दुसरा. सिस्टरांनी बाही नीट केली, घडी तपासली. काढायला एकही चूक सापडली नाही, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

"पास," त्या म्हणाल्या. "आता जा आणि अशीच अंघोळ त्या आजींना घाल. काही होत नाही, मी सांगते ना." त्यांनी घड्याळ पाहिलं. काटे मघाच्याच जागी होते. "साडेदहा. डॉक्टर यायच्या आत उरकेल." शिकवून शिकवून त्या दमल्या होत्या. त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

मुलीने त्यांच्या गुडघ्यांवर शाल पांघरली. तेवढ्यात डॉक्टर दारात आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काय, आज पास?"

"आजही पास," मुलगी म्हणाली.

तिने सिस्टरांच्या खाटेला अडकवलेला कागद काढला आणि त्यावर लिहिलं, 'खाट नऊ. अंघोळ झाली. जुनी जखम भरतेय, नवी नाही. हात बांधू नयेत.' मग सकाळी खिशात लपवलेला बिल्ला काढून छातीवर लावला आणि खाली सही केली: मुख्य परिचारिका.