मनगटावरचा थेंब

मुरबाडच्या त्या पाळणाघरात बाटलीच्या दुधाचे नियम भिंतीवर चिकटवलेले होते. बाटली उकळायची. पावडरचा चमचा सपाट भरायचा. पाजण्याआधी एक थेंब मनगटावर टाकायचा. कशासाठी, ते लिहिलं नव्हतं. नवीन लागलेल्या सकुबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून पाळणाघर चालवणाऱ्या मीनाताईंनी ते तिच्याकडून पाठ करून घेतले होते.

दुसऱ्याच दिवशी पहिल्या घोटाला सहा महिन्यांची भूमिका किंचाळली. मीनाताईंनी बाटली ओढून घेतली. दूध कढत होतं.

"सकुबाई, थेंब टाकला नव्हता?"

"टाकला ना, ताई."

"मग चटका नाही बसला?"

"या जागेवर नाय बसत. बाकीचा हात भाजतो, म्हणून इथंच टाकला."

सकुबाईने बांगड्या मागे सारल्या. मनगटावर रुपयाएवढा फिकट चट्टा होता. मीनाताईंनी त्यावर पिनेचं टोक टेकवलं, मग दाबलं. सकुबाई दुसऱ्या हाताने भूमिकाला थोपटत राहिली.

भूमिकाची आई आरोग्य केंद्रात नर्स होती. कुष्ठरोगाचा सर्व्हे चालू होता. सकाळी लेकीला सकुबाईच्या हातात देऊन ती वैशाखऱ्याला गेली होती, घरोघर फिरून बधीर चट्टे शोधायला.