सूचक : सौ. भागीरथी निकाळजे

"घ्या ताई, वाचा. माहिती मागितलीत, माहिती हजर." मुख्याध्यापक हरिचंद्र सरांनी रजिस्टर भागीरथीकडे सरकवलं.

माहिती अधिकाराचा अर्ज देऊन आज एकोणतिसावा दिवस होता. मुदत तिसाची. म्हणजे सरांनी एक दिवस वाचवला होता. भागीरथीने मात्र उल्हासनगरच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. तिथे ती शिवलेले कपडे तपासायची. चूक सापडली की खडूने गोल करायची आणि पीस मशीनवर परत पाठवायची. न बघता एकही पीस पुढे सोडत नाही, अशी तिची ख्याती होती.

तिने वाचलं. शाळा व्यवस्थापन समितीची सभा, उपस्थिती बारा. ठराव क्रमांक चार : मुलींच्या स्वच्छतागृहास पुढील व्यवस्था होईपर्यंत कुलूप लावण्यात यावे. सूचक, सौ. भागीरथी निकाळजे. अनुमोदक, बनूबाई.

"सूचक म्हणजे?"

"ज्याने ठराव मांडला तो."

"मी? सर, मी त्या दिवशी कामावर होते. आणि बनूबाई दिवाळीपासून गावी आहेत."

"सही बघा ना."

सही तिचीच होती. गणवेशाचं माप द्यायला बोलावलं होतं तेव्हाची. सरांनी बोट ठेवलं होतं, इथे, इथे आणि इथे, आणि तिने केल्या होत्या. समितीवर आहे म्हणजे एवढं करायचंच असतं, असं तिला वाटलं होतं.

"मला माहिती नकोय सर. किल्ली पाहिजे."

"किल्लीचा अर्ज कुठे केलात? माहितीचा केलात." सर हसले, पण त्यात दम नव्हता. टेबलावर मतदारयादीचे गठ्ठे होते, पोषण आहाराचे तक्ते होते, आणि मधल्या फटीत एक अर्धा खाल्लेला डबा. "हे बघा, कुलूप माझं नाही. समितीचं आहे."

"समिती म्हणजे कोण?"

सरांनी रजिस्टरकडे बोट दाखवलं. "तुम्ही."

 भागीरथीची मुलगी प्रीती याच शाळेत सहावीत होती. सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच भरलेली घरी यायची. गेल्या आठवड्यात डॉक्टरने विचारलं होतं, पोरगी पाणी पीत नाही का?

"काढायचं कसं मग कुलूप?"

"ठराव रद्द करायला ठराव लागतो. त्याला सभा. सभेला माणसं. कोण येतंय, ताई? चिठ्ठ्या पाठवून थकलो मी."

"मागच्या वेळी बारा जण होते ना?"

"होते."

"मग त्यांनाच बोलवा. जसे आले तसेच येतील."

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग नवं पान काढलं, तारीख टाकली, आणि लिहू लागले. अक्षर सुरेख होतं. पंधरा मिनिटांत सभा भरली, चर्चा झाली आणि संपलीही. चहापान तेवढं राहिलं.

"करा सही. इथे."

या वेळी तिने रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं. सौ. निकाळजे यांनी मुलींच्या अडचणीकडे सभेचे लक्ष वेधले. बरं बोलले की मी, असं तिला वाटलं. कुलूप काढण्याचे सर्वानुमते ठरले. आणि त्याखाली : स्वच्छतागृह साफ ठेवण्याची जबाबदारी सौ. निकाळजे यांनी स्वखुशीने स्वीकारली.

"हे कुठून आलं?"

"कोणाचं तरी नाव लागणारच ना. वरून माणूस मिळत नाही. तीन पत्रं गेली माझी. आणि तुम्हा लोकांना त्याचं काय एवढं..."

वाक्य सरांनी तिथेच ठेवलं. पेनाचं टोपण शोधू लागले. भागीरथीला मात्र पुढचं सगळं ऐकू आलं. तिच्या आजीच्या वेळीही ते इतकंच बोललं जायचं.

फळ्याचा एक खडू टेबलावर पडला होता. तिने तो उचलला आणि 'स्वखुशीने'भोवती सावकाश गोल केला.

"हे उसवा, सर."

"अहो, रजिस्टर आहे हे! खोडाखोड चालत नाही."

"न झालेली सभा चालते ना?"

सर खुर्चीत मागे टेकले. "मग कोणाचं नाव घालू? सांगा."

"दौलतरावांचं घाला. अध्यक्ष आहेत."

"दौलतराव?" सरांना खरंच हसू आलं. "शिवमंदिराच्या चौकात ज्यांचे बॅनर लागतात ते दौलतराव संडास धुवायला येणार आहेत का?"

"सभेला तरी कुठे आले होते?"

सरांनी पेन हातात घेतलं. 'दौ' लिहिलं. थांबले. दाराकडे बघितलं, टेबलावरच्या फोनकडे बघितलं. पेन तिथेच टेकून राहिलं. शाईचा ठिपका कागदावर मोठा होत गेला.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. व्हरांड्यात पोरांचा कालवा उठला. आई आल्याचं कोणीतरी सांगितलं असावं, प्रीती धावत येऊन दारात उभी राहिली. धाप लागलेली, चेहरा लाल, गळ्यात भरलेली बाटली. तिने आधी सरांकडे बघितलं, मग आईकडे.

"मम्मी, पाणी पिऊ?"

भागीरथी सरांच्या पेनाकडे बघत राहिली.